शून्य-पाचचं उणे-अधिक करताना

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मायक्रोकंट्रोलरच्या पिनेला शून्य व्होल्ट आणि पाच व्होल्ट (हल्ली बहुधा ३.३) एवढंच कळतं. समोरच्या यंत्राला मात्र शून्याच्या दोन्ही बाजू हव्या असतात. यंदाची बरीच पत्रं याच सांध्यावर अडलेली निघाली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. लांबलेली पत्रं थोडी आखडली आहेत.

प्रश्न : भोसरीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. एका जुन्या मशिनच्या सर्व्हो ड्राइव्हला (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरला) वेगाची कमांड ±१० व्होल्टची लागते. अधिक १० ला ३००० आरपीएम सुलट, उणे १० ला तेवढेच उलट. आर्डुइनो उनोच्या ९ नंबर पिनेवरून पीडब्ल्यूएम (झटपट चालू-बंद होणारे पल्स) घेतला, १० के (किलोओहम) आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्टर लावला आणि पुढे एलएम३५८ या ऑप-ॲम्पवर (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीवर) सर्किट केलं. ऑप-ॲम्पचा रेफरन्स (तुलनेसाठीचं स्थिर व्होल्टेज) वेगळ्या ५ व्होल्टच्या आयसीवरून घेतला आहे. खबरदारी म्हणून पिनेला १० के चा पुल-डाउनही (पिनेला ग्राउंडकडे ओढणारा रेझिस्टर) लावला आहे. मोटर फिरते, पण थांबवली तरी रांगत राहते, गुणगुणते, आणि आर्डुइनो रिसेट केला की एकदम उलटी पळत सुटते.

उत्तर : पुढचं वाचण्याआधी मोटरचं कपलिंग सोडून ठेवा. तुमच्या तीन तक्रारींपैकी शेवटची सगळ्यांत धोक्याची आहे, आणि ती नेमकी तुमच्या खबरदारीतूनच आली आहे.

शून्य ते पाचच्या कारभारात शून्य म्हणजे ‘काही नाही’, त्यामुळे पुल-डाउन लावणं शहाणपणाचं असतं. तुम्ही मात्र शून्याला उणे १० आणि पाचाला अधिक १० केलंत. आता ‘काही नाही’ची जागा २.५ व्होल्टवर गेली आणि लॉजिकचा शून्य म्हणजे पूर्ण वेगाने उलट असा हुकूम झाला. रिसेट होताना पिना इनपुट होतात, तुमचा पुल-डाउन फिल्टरचा कपॅसिटर खाली ओढतो आणि शंभरेक मिलिसेकंदांत ड्राइव्हला उणे १० मिळतात. पुल-डाउन नुसता काढून भागणार नाही, कारण मग पिन तरंगती राहील, कपॅसिटर शेवटचं व्होल्टेज धरून बसेल आणि मोटर त्याच वेगाने चालत राहील.

उपाय असा. पिनेपासून ५ व्होल्टला एक १० के आणि ग्राउंडला एक १० के लावा. पिन सुटी असेल तेव्हा तिथे २.५ व्होल्ट येतील, म्हणजे ड्राइव्हला शून्य. पिन चालू असताना या दोन रेझिस्टरांचा तिला काहीच भार नाही. प्रोग्राममध्येही क्रम पाळा : आधी टायमर लावा, त्यात मधली किंमत भरा आणि मगच पिन आउटपुट करा. पिन आधी आउटपुट केली तर तेवढा वेळ ती शून्यावर बसते आणि मोटर झटका देते.

आता ऑप-ॲम्पचं सर्किट. आम्ही सुचवतो त्यात सगळे रेझिस्टर १० के चे आहेत, त्यामुळे एकाच पट्टीतले घेता येतात. पुण्यात पासोड्या विठोबाच्या बाजूला घ्यायला गेलात तर ‘एमएफआर, एक टक्का’ (एमएफआर म्हणजे मेटल फिल्म रेझिस्टर) असं स्पष्ट सांगा, नाहीतर पाच टक्क्यांचे कार्बन हातात पडतात. टीएल०७२ घ्या. फिल्टरमधून आलेला सिग्नल थेट त्याच्या अधिक इनपुटला. उणे इनपुटला तीन वाटा : आउटपुटकडे २० के (दोन १० के सिरीजमध्ये), ५ व्होल्टकडे १० के, ग्राउंडकडे २० के (पुन्हा दोन १० के). एकूण पाच नग. याचं गणित असं की आउटपुट म्हणजे इनपुटची चौपट वजा ५ व्होल्टची दुप्पट.

कपलिंग सोडलेलं असतानाच आणि ड्राइव्ह न जोडता तीन ठिकाणी तपासा. फिल्टरच्या जागी इनपुट ग्राउंडला धरलं की मल्टिमीटरवर उणे १० दिसले पाहिजेत, ५ व्होल्टला धरलं की अधिक १०, आणि दोन सारख्या रेझिस्टरांतून २.५ दिले की शून्य. टोकं बरोबर आणि मधला शून्य चुकीचा असं होऊ शकत नाही. तसं दिसलं तर दोन रेझिस्टर सारखे नाहीत किंवा मीटरचे सेल उतरलेत. अधिक १० बरोबर आणि उरलेले दोन आकडे एकाच बाजूला सरकलेले असतील तर ५ व्होल्टकडचा १० के पाहा.

त्या पाच व्होल्टबद्दल थोडं. तो वेगळ्या रेफरन्स आयसीवरून घेणं वरकरणी जास्त अचूक वाटतं, पण तुमची मोटर रांगण्याचं मोठं कारण तेच आहे. यूएसबीवरून चालणाऱ्या उनोच्या ५ व्होल्ट पिनेवर प्रत्यक्षात ४.७ मिळणं नेहमीचं. पीडब्ल्यूएमची उंचीही मग ४.७ च, आणि निम्म्या ड्यूटीला (अर्धा वेळ चालू असताना) सरासरी २.३५. त्याची चौपट ९.४. रेफरन्स मात्र पक्का पाचावर, त्याची दुप्पट १०. उरले उणे ०.६ व्होल्ट, म्हणजे तुमच्या ड्राइव्हवर १८० आरपीएम. रेफरन्स आर्डुइनोच्याच ५ व्होल्ट पिनेवरून घेतलात तर दोन्ही बाजू बरोबरीने खाली येतात आणि शून्य जागचा हलत नाही. टोकं ±९.४ वर येतात, पण ती ड्राइव्हच्या गेन पॅरामीटरमध्ये भरून काढता येतात. आणखी एक फायदा आहे. लाइट जाऊन येताना ऑप-ॲम्पच्या सप्लायचे ±१५ व्होल्ट आधी उभे राहिले आणि आर्डुइनोचा पाच मागाहून आला, तरी मधल्या वेळात इनपुटही शून्य आणि रेफरन्सही शून्य, म्हणजे आउटपुटही शून्यच. वेगळ्या रेफरन्सवर त्याच क्षणी उणे १० बाहेर पडले असते.

रांगण्याचं दुसरं कारण छोटं असलं तरी पुष्कळांना ठाऊक नसतं. पीडब्ल्यूएम देणाऱ्या नेहमीच्या ॲनालॉगराइट कमांडची मोजणी ० ते २५५ असते आणि २५५ ला नेमका मध्य नाही. १२७ दिले तर आउटपुट उणे ०.०३९ व्होल्ट, १२८ दिले तर अधिक ०.०३९. तुमच्या मोटरला हे १२ आरपीएम होतात, एकदा या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. म्हणून टायमर १ स्वतः लावा. फेज-करेक्ट मोड घ्या, आयसीआर१ मध्ये (मोजणीची कमाल ठरवणाऱ्या रजिस्टरमध्ये) १००० भरा, प्रीस्केलर ठेवू नका. वारंवारिता ८ किलोहर्ट्झ येते आणि ५०० हा अगदी मध्य मिळतो. एका पायरीला २० मिलिव्होल्ट.

गुणगुण त्यातच निघून जाईल. ९ नंबर पिनेचा मूळ पीडब्ल्यूएम ४९० हर्ट्झचा असतो. तुमच्या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद आहे, त्यावर निम्म्या ड्यूटीला जवळपास पाव व्होल्ट रिपल (उरलेला हेलकावा) राहतो, आणि चौपट झाल्यावर ड्राइव्हला तो १ व्होल्ट दिसतो. मोटर जो सूर लावते तो हाच. ८ किलोहर्ट्झला तोच रिपल आउटपुटवर ६० मिलिव्होल्टच्या आसपास येतो. त्यामागे १०० के आणि ०.१ मायक्रोफॅरडची आणखी एक पायरी जोडलीत की स्कोपवरही शोधावा लागेल. इथेच एलएम३५८ बदलायचा. त्याच्या इनपुटमधला करंट साधारण ४५ नॅनोअँपिअर असतो, ११० के मधून तो ५ मिलिव्होल्ट पाडतो, आणि चौपट होऊन २०. टीएल०७२ चा इनपुट करंट पिकोअँपिअरमध्ये असल्याने तो प्रश्न राहत नाही. त्याचा स्वतःचा ऑफसेट काही मिलिव्होल्टचा असतो, तो ड्राइव्हच्या झीरो ॲडजस्टमधून काढा. बोर्डावर प्रीसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर) लावू नका, मशिनच्या थरथरीने तो फिरतो.

दोन फिल्टर मिळून कमांडला सुमारे २० मिलिसेकंद उशीर लागतो. वेग ठरवून देण्यापुरतं हे चालतं. पोझिशनचा लूप आर्डुइनोतच बंद करणार असाल तर मात्र पीडब्ल्यूएम सोडा, १२ बिटचा एसपीआय डॅक (आकड्याचं थेट व्होल्टेज करणारा आयसी) घ्या. पुढचं पाच रेझिस्टरांचं सर्किट तेच राहील, फक्त डॅकचा रेफरन्सही त्याच ५ व्होल्टवर ठेवा.

आउटपुटला १०० ओहम सिरीजमध्ये लावून मग शिल्डेड केबल काढा. केबलच्या कपॅसिटन्सने ऑप-ॲम्प ऑसिलेट होतो तो त्याने थांबतो. ड्राइव्हचा इनपुट १० के चा असेल तर त्यात एक टक्का जातो, तेवढा जाऊ द्या. शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा.

मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशातून सिग्नल नेऊन दोन बाजूंची वीज वेगळी ठेवणारा आयसी) घालायचा मोह झाला तर पीसी८१७ घालू नका. तो चटकन चालू होतो आणि रेंगाळत बंद होतो. १२५ मायक्रोसेकंदांच्या एका आवर्तनात ५ मायक्रोसेकंदांचा फरक पडला तरी ड्यूटी ४ टक्क्यांनी सरकते, म्हणजे आउटपुटवर ०.८ व्होल्ट. पुन्हा रांगणं. ६एन१३७ सारखा वेगवान घ्या. आणि काहीही केलंत तरी ड्राइव्हचा एनेबल (तो चालू करायचा सिग्नल) स्वतंत्र रिलेवर ठेवा. आर्डुइनोने ५०० भरून, फिल्टर स्थिरावायला २०० मिलिसेकंद थांबून मगच तो रिले ओढायचा. गुरुवारी दुरुस्तीसाठी बंद केलेली वीज परत येते तेव्हा कुठला पॉवर सप्लाय आधी उठेल याचा नेम नसतो.

प्रश्न : वरच्यासारखंच काम आहे, पण ±१५ व्होल्ट कुठून आणू? पॅनलमध्ये २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आहे. दोन सारखे रेझिस्टर लावून त्याचे ±१२ करता येणार नाहीत का? (चिंचवड)

उत्तर : कागदावर येतात, पॅनलमध्ये बहुधा येत नाहीत. तुमच्या पॅनलमध्ये त्या २४ व्होल्टचा उणे ड्राइव्हच्या कॉमनला आणि अर्थलाही बांधलेला असणार. तुम्ही मधल्या बिंदूला ग्राउंड म्हणायचं ठरवलंत तरी तो ड्राइव्हच्या ग्राउंडपेक्षा १२ व्होल्ट वर बसलेला आहे. दोन्ही जोडले की खालचा अर्धा शॉर्ट. ही युक्ती पूर्ण तरंगत्या, स्वतंत्र सप्लायवरच चालते, आणि तिथेही दोन रेझिस्टरांऐवजी मध्ये बफर (व्होल्टेज तेच ठेवून करंट पुरवणारं सर्किट) लागतो.

शिवाय ±१२ वर टीएल०७२ कडून ±१० ची खात्री नाही. त्याच्या डेटाशीटमध्ये ±१५ च्या सप्लायला, १० के भारावर, ±१२ ची हमी आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना ३ व्होल्ट सोडायचे. ±१२ वर हमी ±९ चीच उरते. बहुतेक नग त्याहून जास्त देतात हे खरं, पण दहावा नग देत नाही आणि मग मशिन एकाच दिशेला पूर्ण वेग घेत नाही म्हणून दिवस जातो.

सोपा मार्ग म्हणजे ५ व्होल्टवरून ±१५ देणारं १ वॅटचं आयसोलेटेड डीसी-डीसी मॉड्यूल. प्रत्येक बाजूला ३३ मिलिअँपिअर मिळतात, आपल्याला दहाही लागत नाहीत. पण ही मॉड्यूलं रेग्युलेटेड नसतात, रिकामी ठेवली की व्होल्टेज चढतं आणि टीएल०७२ ची कमाल मर्यादा ±१८ आहे. म्हणून दोन्ही रेलवर (अधिक १५ आणि उणे १५ च्या तारांवर) ३.३ के चा एकेक रेझिस्टर कायमचा टाका, साडेचार मिलिअँपिअर त्यातून वाहू द्या. आउटपुटला १० मायक्रोफॅरड पुरे. ‘जास्त बरं’ म्हणून ४७० लावलेत तर मॉड्यूल चालूच होत नाही.

ट्रान्सफॉर्मर लावायचा तर १५-०-१५ घ्या. १२-०-१२ मध्ये डायोडनंतर सोळा-सव्वासोळा व्होल्ट उरतात, ७८१५ ला (अधिक १५ च्या रेग्युलेटरला) १७ तरी हवेत. ७८१५ आणि ७९१५ (उणे १५ चा रेग्युलेटर) एकाच हीटसिंकवर बसवताना मायका (वीज अडवणारी चकती) विसरू नका : ७८ च्या पत्र्याला ग्राउंड असतो, ७९ च्या पत्र्याला इनपुटचा उणे. पायांचा क्रमही वेगळा. ७८ चा इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९ चा ग्राउंड, इनपुट, आउटपुट.

७६६० या उणे व्होल्टेज करणाऱ्या आयसीबद्दलही विचारलं आहेत. ५ चे उणे ५ करायला तो छान आहे, दोन १० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर आणि झालं. पण साध्या ७६६० ला १० व्होल्टच्या वर चढवायचं नाही, आणि त्याचा आतला रोध ५०-६० ओहम असल्याने २० मिलिअँपिअरला एक व्होल्टहून जास्त पडतो.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ५ व्होल्टच्या लॉजिकवरून ±१२ व्होल्टचे पल्स हवे होते. आधी सिरीजमध्ये कपॅसिटर लावला. फंक्शन जनरेटरवर मस्त ±२.५ आलं, पण खरा डेटा दिला की सगळं वर-खाली हलतं. मग एलएम३५८ ओपन लूप (फीडबॅकशिवाय) लावला तर २० किलोहर्ट्झला चौकोनाऐवजी त्रिकोण येतो. (धनकवडी)

उत्तर : कपॅसिटर डीसी अडवतो, म्हणजेच पलीकडची सरासरी शून्य करतो. निम्म्या ड्यूटीला सरासरी २.५ म्हणून ±२.५ दिसलं. ड्यूटी १० टक्के केलीत की सरासरी अर्धा व्होल्ट, आणि पलीकडे अधिक ४.५, उणे ०.५. डेटामध्ये सलग आठ शून्यं आली की पातळी सरकतेच. जनरेटरवर सर्किट पास होतं ते ५० टक्क्यांच्या कृपेने.

एलएम३५८ चा स्ल्यू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) मायक्रोसेकंदाला साधारण ०.३ व्होल्ट. उणे १२ वरून अधिक १२ ला जायला २४ व्होल्टचा प्रवास, त्याला ८० मायक्रोसेकंद लागतात. २० किलोहर्ट्झच्या अर्ध्या आवर्तनात २५ च मिळतात. तो वर पोचायच्या आधीच परत वळवला जातो, तुम्हाला दिसतो तो त्रिकोण हाच.

हे काम दोन व्होल्टेजं ताडून पाहणाऱ्या कंपॅरेटरचं. एलएम३११ घ्या, कारण त्याच्या आउटपुट ट्रान्झिस्टरची दोन्ही टोकं बाहेर आणलेली आहेत. ८ ला अधिक १२, ४ ला उणे १२, आणि १ नंबर पिन उणे १२ लाच. बहुतेकजण १ ला ग्राउंड करतात, कारण आकृतीत तिथे ग्राउंड लिहिलेलं असतं, आणि मग आउटपुट शून्याच्या खाली का जात नाही म्हणून आयसी बदलत बसतात. ७ नंबरला ४.७ के चा पुल-अप अधिक १२ कडे. त्यातून पाच मिलिअँपिअर वाहतात, पाव वॅटचा रेझिस्टर पुरतो. १ के लावलात तर २४ व्होल्टला अर्ध्या वॅटच्या वर जाईल आणि पाव वॅटचा काळा पडेल. सिग्नल २ ला, उंबरठा ३ ला. ५ व्होल्टच्या सीमॉसला उंबरठा २.५, ३.३ च्या लॉजिकला १.६५, जुन्या टीटीएलला १.४ (५ व्होल्टवरून १० के आणि ग्राउंडला ३.९ के). ५ आणि ६ नंबरच्या पिना एकमेकींना जोडून टाका आणि दोन्ही रेलवर आयसीच्या अगदी पायाशी ०.१ मायक्रोफॅरड लावा, नाहीतर बदलताना कडेवर झुपके दिसतात.

उतरती कड झटकन येईल, चढती पुल-अपच्या भरवशावर. पाच मीटर केबलचे ५०० पिकोफॅरड धरले तर ४.७ के बरोबर सव्वादोन मायक्रोसेकंदांहून थोडा जास्त टाइम कॉन्स्टंट होतो. खुपत असेल तर पुढे बीसी५४७ आणि बीसी५५७ ची फॉलोअर जोडी लावा. प्रत्येक टोकाला ०.७ व्होल्ट कमी मिळतील.

प्रश्न : मला टोकं नेमकी हवीत, रेलच्या आसपासची नकोत. लॉजिक शून्य असताना उणे २.५००, एक असताना अधिक २.५००. दोन्ही रेफरन्स तयार आहेत. (कोथरूड)

उत्तर : मग ऑप-ॲम्पने सिग्नल ताणायचाच कशाला? दोन्ही व्होल्टेजं तयार आहेत, लॉजिकने फक्त निवड करायची. सीडी४०५३ या ॲनालॉग स्विचच्या आयसीमध्ये यासाठीच एक वेगळी पिन आहे आणि ती फारच थोडे लोक वापरतात. १६ ला अधिक ५, ८ ला ग्राउंड, ७ ला उणे ५. कंट्रोल ० ते ५ वरच राहतो, स्विचमधून मात्र ±५ पर्यंत काहीही जातं, पातळी बदलायचं काम आयसीच्या आतच होतं. १२ ला उणे २.५, १३ ला अधिक २.५, ११ ला तुमचा सिग्नल, १४ वर आउटपुट. ६ नंबर ग्राउंडला, उरलेले कंट्रोल ९ आणि १० पण ग्राउंडला. ७ नंबर सवयीने ग्राउंडला गेली की उणे बाजू ०.६ व्होल्टच्या आसपास कापली जाते. तसं दिसलं तर आधी तीच पाहा.

चालू स्विचचा रोध दीडशे-दोनशे ओहमचा असतो, म्हणून आउटपुट थेट भाराला देऊ नका, पुढे ऑप-ॲम्पचा बफर ठेवा. आणि तुमचं लॉजिक ३.३ चं असेल तर सीडी४०५३ ला ५ व्होल्टवर ‘एक’ ओळखायला ३.५ लागतात. टेबलावर चालेल, एप्रिलच्या उकाड्यात हट्ट करेल. ७४एचसीटी४०५३ घ्या, त्याला २ व्होल्ट पुरतात. मात्र त्याला दोन्ही टोकांत मिळून १० व्होल्टांपेक्षा जास्त देऊ नका.

प्रश्न : चाकणला जुन्या सीएनसीला प्रोग्राम पाठवायला ३.३ व्होल्टचा बोर्ड केला. बोर्डाचा टीएक्स (डेटा पाठवायची पिन) मशिनच्या आरएस-२३२ ला (जुन्या सिरियल पोर्टला) थेट जोडला तर कचरा अक्षरं आली. सिग्नल उलटा करून दिला तर टेबलावर चाललं, शॉपमध्ये नेलं की अधूनमधून एखादं अक्षर गळतं.

उत्तर : अधूनमधून गळणं हे पूर्ण बंद पडण्यापेक्षा वाईट, कारण गळलेलं अक्षर दशांश चिन्ह असेल तर टूल कुठे जाईल सांगता येत नाही. तो बोर्ड आजच काढा.

आरएस-२३२ मध्ये लॉजिक एक म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्ट आणि शून्य म्हणजे अधिक ३ ते अधिक १५. मधल्या सहा व्होल्टांना काही अर्थच नाही. म्हणून सरळ जोडलं तर उलटं वाचलं गेलं. उलटून दिलंत तेव्हा तुमचा ‘एक’ शून्य व्होल्टवर आला, म्हणजे त्या निरर्थक पट्ट्यात. बऱ्याच रिसीव्हर आयसींचा उंबरठा दीड व्होल्टच्या आसपास असल्यामुळे टेबलावर निभावून गेलं. शॉपमध्ये बाजूचा कॉन्टॅक्टर पडला की तेवढी फट पुरत नाही.

मॅक्स३२३२ आणि चार ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर. ३.३ व्होल्टवर तो स्वतःच ±५.४ च्या आसपास तयार करतो आणि उलटवण्याचं कामही करतो, प्रोग्राममधलं उलटवणं आता काढून टाका. जुना मॅक्स२३२ हाताशी असेल तर त्याला ५ व्होल्ट आणि १ मायक्रोफॅरडचे लागतात, आणि ६ नंबरच्या कपॅसिटरचा अधिक पाय ग्राउंडला जातो. तो उलटा लागला की आयसी चटका देण्याइतका तापतो आणि लोक दुकानदाराला डुप्लिकेट दिला म्हणून बोल लावतात.

मशिनला जोडण्यापूर्वी दोन तपासण्या करा. काही पाठवत नसताना १४ नंबरवर उणे व्होल्टेज दिसलं पाहिजे. अधिक दिसलं तर कुठेतरी एकदा जास्त उलटलंय. मग १४ आणि १३ जोडा आणि पाठवलेलं जसंच्या तसं परत येतं का पाहा. एवढं होऊनही कचरा येत असेल तर प्रश्न व्होल्टेजचा राहिला नाही : बॉड रेट, डेटा बिट आणि पॅरिटी मशिनच्या पॅरामीटर पानावरून जुळवा. जुने कंट्रोलर पुष्कळदा ७ बिट आणि इव्हन पॅरिटी मागतात. केबल जोडताना मशिन आणि बोर्ड दोन्ही बंद.

प्रश्न : गच्चीवरच्या कुंड्यांत ओलावा मोजायला स्टीलच्या दोन सळया खोचल्या आहेत. महिन्याभरात एक सळई खाल्ली जाते. एसी द्यायला हवा म्हणतात, मग उणे व्होल्टेज कसं तयार करू? (हडपसर)

उत्तर : करायची गरजच नाही. सळयांना ग्राउंड कुठे आहे हे ठाऊक नसतं, त्यांना फक्त एकमेकींमधला फरक कळतो. एक सळई १० के मधून मायक्रोकंट्रोलरच्या क पिनेला जोडा, दुसरी थेट ख पिनेला. क वर (लॉजिक एक) आणि ख खाली (लॉजिक शून्य) ठेवून १ मिलिसेकंद, मग क खाली आणि ख वर ठेवून तेवढंच. सळयांना अधिक-उणे दोन्ही मिळालं आणि सरासरी शून्य झाली. नंतर दोन्ही पिना खाली करा, पुढचं मोजमाप दहा मिनिटांनी घ्या, मातीला घाई नसते.

१० के आणि सळई यांच्या सांध्यावर ॲनालॉग पिन लावून दोन्ही वेळा वाचा. दोन आकड्यांची बेरीज १०२३ च्या आसपास यायला हवी, कारण दुसऱ्या वेळी तोच भागाकार उलट्या बाजूने होतो. बेरीज पंधरा-वीसने हलायला लागली तर सळयांवर थर चढलाय. त्या बाहेर काढा, पॉलिश पेपरने घासा आणि पुन्हा खोचा.